एकतिसावा ठोका

चिंतामणी दाणींना शहरात नावाने ओळखणारे लोक थोडे, पण त्यांच्या हातचा पाऊस पुष्कळांनी ऐकला होता. रेडिओवर नाटक लागलं आणि त्यात पावसाची सर आली, की समजावं, स्टुडिओच्या कोपऱ्यात एकसष्ट वर्षांचा हा काटकुळा माणूस सुपात वाटाणे घोळवतो आहे. बर्फातून चालणारे जवान हवे असले तर ते अरारूटची पिशवी मुठीत दाबायचे. आग हवी असली तर पळसाची वाळकी पानं मायक्रोफोनजवळ चुरायचे. पात्रं बोलायची, आणि त्या बोलण्याखाली जमीन घालायचं काम दाणींचं.

हे सगळं मात्र सेवानिवृत्तीनंतरचं. त्याआधीची चौतीस वर्षं त्यांनी दारूगोळ्याच्या एका कारखान्याच्या साइडिंगवर, आतपर्यंत गेलेल्या रेल्वेच्या फाट्यावर, काढली होती. कारखान्यातून भरून निघणाऱ्या मालगाडीच्या कडेने लांब दांड्याची हातोडी घेऊन चालायचं आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा. चाक चांगलं असलं तर ते गातं. टण्ण करतं आणि तो आवाज वरवर जात विरतो. चाकाला तडा गेलेला असला तर ते गात नाही. थप्प म्हणतं, आणि मागे बारीकशी भुरभुर ऐकू येते. दाणींचा कान असा, की लोक म्हणत, ह्या माणसाला लोखंडाच्या पोटातलं दुखणं कळतं.

पण पासष्टच्या लढाईत त्यांच्या ह्याच कानाने त्यांना दगा दिला होता, किंवा दिला असं सगळे धरून चालले होते. फौजेची गाडी त्यांनी चाळीस मिनिटं अडवून धरली, 'चाक फुटकं आहे' म्हणून. साहेबलोकांनी पाहिलं, काही सापडलं नाही. हँडब्रेक आवळलेला होता म्हणून चाक मुकं वाजलं, असं ठरलं. गाडी सुखरूप पोचली. दाणींच्या सर्व्हिस बुकात लाल शाईचा शेरा आला, आणि पुढची चार वर्षं पोरंसोरंसुद्धा त्यांना पाठीमागे 'बहिरे उस्ताद' म्हणायची.

आता एकाहत्तरचा डिसेंबर चालला होता. लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. सूर्य बुडाला की शहरात काळोख, खिडक्यांना काळे कागद, कारखान्यांत बारा बारा तासांच्या पाळ्या. अशात रेडिओ केंद्रावरून शुक्रवारी रात्री आठ वाजता एक हिंदी नाटक थेट जायचं होतं. लेव्हल क्रॉसिंगवरच्या गेटमनची बायको आणि तिच्या दारावरून जाणारी फौजेची गाडी, एवढीच गोष्ट. लिहिली होती शरयू मोघेने आणि बसवलीही तिनेच. शरयू तिशीची, केंद्रावर कंत्राटावर होती. कंत्राट जानेवारीत संपायचं होतं, आणि घरी आई एकटी तिच्या जिवावर होती.

"काका, मला खरी गाडी पाहिजे," ती आठवडाभर म्हणत होती. "टिनाच्या पत्र्यावरची नको. ऐकणाऱ्याच्या उंबऱ्याला हादरा बसला पाहिजे."

म्हणून त्या शुक्रवारी सकाळी अकराला दोघं बॅटरीवरचा टेप रेकॉर्डर घेऊन दाणींच्या जुन्या साइडिंगवर गेली होती. परवाना होता तो एक नंबरच्या रुळावरच्या रिकाम्या डब्यांचा. पण शेजारच्या रुळावर भरलेली गाडी उभी होती, आणि दाणींच्याच हाताखाली तयार झालेला नथ्थू तिची चाकं तपासत निघाला होता. भरलेल्या डब्याचं चाक जसं बोलतं तसं रिकाम्याचं बोलत नाही. दाणींनी शरयूकडे पाहिलं. शरयूने आजूबाजूला पाहिलं, आणि मायक्रोफोन घेऊन नथ्थूच्या मागोमाग चालू लागली. मायक्रोफोन चाकापासून वीतभरावर धरलेला. दाणी खांद्यावर मशीन घेऊन त्यावरच्या आवाजाच्या काट्याकडे बघत मागे. बाजूला डबे हलवणारं शंटिंगचं इंजिन वाफ सोडत होतं, त्यामुळे कानाला धड काही लागत नव्हतं. टेपवर काय उतरलं ते नंतर बघू, असं म्हणून दोघं परतली.

ते बघायला बसली दुपारी साडेतीनला.

स्टुडिओशेजारच्या खोलीत तिघं होती. दाणी, शरयू आणि इंजिनियर शशिकांत. शशिकांतने टेप लावली. वाफेचा फुसफुसाट, खडीवर बुटांची करकर, आणि टण्ण. करकर, टण्ण. शरयूने डोळे मिटले. हेच तिला हवं होतं.

दाणींनी मात्र मध्येच हात वर केला.

"थांबव. मागे घे."

शशिकांतने टेप मागे घेतली. टण्ण. टण्ण. थप्प. टण्ण.

"पुन्हा."

तीनदा ऐकून झालं तेव्हा दाणी मशीनपासून मागे सरले.

"हे चाक फुटलं आहे," ते म्हणाले.

शशिकांत हसला. "काका, टेपचा डाग आहे तो. एखाद्या जागी टेपवरचा मसाला उडालेला असतो, तिथे आवाज बसतो. नेहमीचंच आहे."

"डाग असता तर वाफपण बसली असती ना? ऐक नीट. वाफ चालूच आहे. फक्त चाक बसलं."

शशिकांतने मशीनचं हेड पुसून टेप पुन्हा लावली, मग दुसऱ्या मशीनवर लावली. फुसफुसाट अखंड होता, आणि त्याच्या पोटात तो एक ठोका मेलेला. त्याच्या मागे, नीट कान दिला तर, माशी भांड्यात अडकावी तशी बारीक भुरभुर.

"ब्रेक लागलेला असेल," शरयू हळूच म्हणाली. पासष्टची गोष्ट तिला माहीत होती.

दाणींच्या चेहऱ्यावरून काही सरकून गेलं. "ब्रेक असता तर जोडीचं चाकपण मुकं झालं असतं. ते गाऊन राहिलं आहे." त्यांनी बोटांवर मोजलं. सुरुवातीपासून तो एकतिसावा ठोका होता. नथ्थू मागून, गार्डच्या डब्यापासून निघाला होता. एका बाजूला डब्याची दोन चाकं. "गार्डचा डबा धरून मागून सोळावा. त्याचं पहिलं चाक."

"गाडी गेली असेल आतापर्यंत?" शरयूने विचारलं.

"साडेपाचला सुटते. अशा गाड्या अंधार पडता पडताच सोडतात."

त्या गाडीत काय भरलं होतं ते तिघांनाही न सांगता कळत होतं. एखादं चाक धावत्या गाडीत फाटलं, तर पुढे काय होईल हे चित्र डोळ्यांपुढे आणायला नाटकाची गरज नव्हती.

दाणींनी साइडिंगच्या ऑफिसला फोन लावला. लढाईच्या दिवसांत लाइन मिळायला वीस मिनिटं गेली. तिकडून आवाज आला तो भय्यासाहेब घाट्यांचा. साइडिंगचे मुख्य आता तेच होते. पासष्ट साली चाक पाहून 'काही नाही' म्हणणारेही तेच.

"साहेब, मी चिंतामणी दाणी. साडेपाचच्या गाडीत मागून सोळाव्या डब्याचं चाक फुटकं आहे."

"तुला काय माहीत?"

"सकाळी आलो होतो ना परवाना घेऊन. तेव्हा कानावर आलं."

"मग तेव्हा काहून नाही बोललास?"

खरं सांगायचं तर टेपचं सांगावं लागत होतं. लढाईच्या दिवसांत दारूगोळ्याच्या गाडीचा आवाज परवानगीशिवाय भरून घेतला, हे फोनवर कबूल करायचं म्हणजे शरयूच्या हातात बेडी घालण्यासारखं होतं.

"चिंतामण," पलीकडचा आवाज थंड झाला, "पासष्ट साल विसरलास? मी नाही विसरलो. नथ्थूची सही झाली आहे. गाडी वेळेवर जाईल."

फोन खाली आपटला गेल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

दाणी खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या मनात जे चाललं होतं ते भीतीपेक्षाही वाईट होतं. त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना. वय झालं होतं. गेल्या महिन्यात घरी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई दुसऱ्या खोलीतून हाका मारत होत्या, त्या ऐकू आल्या नव्हत्या. ह्या वेळेसही काही नाही निघालं तर? लढाईत दोनदा गाडी अडवणाऱ्या माणसाला लोक बहिरा म्हणून सोडून देत नाहीत. घातपाती म्हणतात.

शरयू उठली. तिने मशीनवरचं रीळ काढलं, डब्यात घातलं आणि डबा पर्समध्ये टाकला.

"काका, चला."

"कुठे?"

"साइडिंगवर. हे ऐकवल्याशिवाय ते मानणार नाहीत."

"आणि हे ऐकवलं की मग तुमचं काय होईल, बाई?"

"ते मग पाहू." तिने रेकॉर्डरचा पट्टा खांद्याला लावला. "शशिकांत, कलाकार सहाला येतील. मी नाही आले तर तालीम तुम्ही घ्या. कोणाला काही सांगू नका."

दाणींनी कोपऱ्यातली आपली हातोडी उचलली आणि तिच्या मागे निघाले.

केंद्राची जीप बंडू ड्रायव्हर चालवायचा. दिव्यांवर वरून अर्धा काळा रंग फासलेला होता. पावणेपाचला जीप फाटकाबाहेर पडली. ओमतीपर्यंत रस्ता मोकळा मिळाला, पण घमापुरात बाजार तुंबला होता. काळोखाच्या आत सौदा उरकायला सगळं गाव एकाच वेळी बाहेर पडलेलं. भाजीच्या हातगाड्या, रॉकेलच्या रांगा, पाळी सुटलेल्या कामगारांच्या सायकली.

"बंडू, हॉर्न मार ना बाप्पा."

"काका, मारूनच राहिलो. कोणी सरकेल तर ना."

दाणी खाली उतरले आणि जीपपुढे चालत हातोडीचा दांडा हलवत रस्ता काढू लागले. कोणीतरी ओरडलं, "अरे बुढऊ, पागल हो गए क्या?" त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बाजार पार व्हायला पंधरा मिनिटं गेली. जीप पुन्हा पळू लागली तेव्हा पश्चिमेला ऊन लाल झालं होतं आणि शरयूच्या घड्याळात सव्वापाच व्हायला आले होते.

फाटकावर पहारेकऱ्याने बंदूक आडवी केली.

"परवाना?"

शरयूने सकाळचाच कागद पुढे केला. त्याने वाचला. "यह तो सुबह का है, बहनजी. और यह मशीन कैसी?"

"घाटेसाहेबांना बोलवा," शरयू हिंदीत म्हणाली. "सांगा, रेडिओवाली बाई आली आहे आणि गुन्हा कबूल करायचा आहे."

पहारेकऱ्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत फोन केला. पाच मिनिटांत भय्यासाहेब आले. उंच, इस्त्रीचा खाकी कोट, हातात साखळीचं घड्याळ. मागे दोन शिपाई. दाणींना पाहताच त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

शरयूने त्यांना तोंड उघडू दिलं नाही. "साहेब, सकाळी आम्ही परवानगी नसताना तुमच्या भरलेल्या गाडीचा आवाज टेपवर घेतला. काकांचा दोष नाही, मायक्रोफोन माझ्या हातात होता. लिहून देते. पण आधी हे ऐका."

"तुम्हाला कळतं का, बाई, तुम्ही काय बोलून राहिल्या आहात?"

"कळतं. म्हणूनच आले."

तिने जीपच्या बॉनेटवर मशीन ठेवून टेप चालू केली. टण्ण. टण्ण. थप्प. टण्ण.

भय्यासाहेबांचा चेहरा बदलला नाही. "नथ्थूला बोलवा," ते शिपायाला म्हणाले.

नथ्थू आला. अठ्ठावीस वर्षांचा तगडा गडी, पण डोळे लाल झालेले. आदल्या संध्याकाळपासून तो सलग ड्यूटीवर होता. टेप त्याला ऐकवली. त्याने दाणींकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"क्या हुआ नथ्थू? यह चक्का तुमने सुना था?" भय्यासाहेबांनी विचारलं.

लांबवर इंजिनाने एक बारीक शिटी दिली.

"बेटा," दाणी म्हणाले, "बोल. मी आहे."

"उस्ताद, इंजन भाप छोड़ रहा था," नथ्थू पुटपुटला. "बीच में चार-छह चक्के कान में आए ही नहीं। मैंने सोचा, ठीक ही होंगे।" मग त्याचा आवाज बसला. "दस्तखत कर दिए, साहब।"

भय्यासाहेबांनी घड्याळ पाहिलं. पाच पंचवीस.

"दहा मिनिटं," ते म्हणाले. "चिंतामण, फक्त दहा. काही निघालं नाही, तर तुम्ही दोघं इथून जीपने घरी जाणार नाही."

चौघं खडीवरून धावतच निघाली. गाडी लांबच लांब, चाळीसच्या वर डबे, ताडपत्र्या करकचून बांधलेल्या. गार्ड हिरवा झेंडा काखेत धरून डब्याच्या पायरीवर उभा होता. दाणी मागून मोजत गेले. चौदा, पंधरा, सोळा. पहिलं चाक. त्यांनी श्वास रोखला आणि ठोका दिला.

टण्ण.

स्वच्छ, खणखणीत. आवाज वर गेला आणि विरला.

त्यांनी दुसरा ठोका दिला. तेच. पंधराव्याची दोन्ही चाकं वाजवली, सतराव्याची वाजवली. सगळी गात होती. म्हणजे टेपचाच डाग होता? की कानच गेला होता, आणि आता फुटकं चाकसुद्धा त्यांना धड ऐकू येत होतं? त्यांनी पुन्हा सोळाव्याला ठोका दिला, ह्या वेळेस जोरात. चाक निर्लज्जासारखं गायलं.

"सहा मिनिटं झाली," भय्यासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, पण दयाही नव्हती. "बस झालं, चिंतामण."

"साहेब, आणखी पुढचे..."

"चाळीस डबे वाजवत बसशील तर सकाळ होईल. पासष्ट साली हेच केलं होतंस."

इंजिनाने पुन्हा शिटी दिली. गार्डने झेंडा काखेतून काढला.

शरयू खडीवर उकिडवी बसली होती. रेकॉर्डर मांडीवर, कान मशीनला चिकटवलेला. ती तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत होती. एकदम तिने मान वर केली.

"काका, पावलं ऐका. नथ्थूची."

"पावलांचं काय, बाई? चाक..."

"चाक सोडा! हा माणूस खडीवरून चालतो आहे. करकर, करकर. आणि त्या मेलेल्या ठोक्याच्या आधी दोन पावलं लाकडावर पडतात. ठक, ठक. मग ठोका. मग पुन्हा खडी." ती उठून उभी राहिली. "नाटकात कोणी अंगणातून ओसरीवर आला की आपण हेच करतो ना? इथे लाकूड कुठे आहे?"

दाणी चौतीस वर्षं त्या वाटेने चालले होते. त्यांच्या कानाला नेहमी लोखंड ऐकू यायचं. माणसाची पावलं त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

"फळ्या," ते म्हणाले. "कामगारांना रूळ ओलांडायला टाकलेल्या फळ्या. त्या बाजूला!"

ते धावले. तीन डबे पुढे, रुळांमध्ये जुन्या स्लीपरच्या फळ्या टाकलेल्या होत्या. फळ्यांच्या टोकाशीच एका डब्याचं मागचं चाक उभं होतं. दाणी फळीवर चढले. ठक, ठक. हातोडी उचलली. ठोका दिला.

थप्प.

आणि मागे ती भुरभुर.

भय्यासाहेबांनी हातोडी दाणींच्या हातातून घेतली आणि स्वतः ठोका दिला. मग जोडीच्या चाकाला दिला. ते गायलं. पुन्हा ह्याला दिला. थप्प.

"झेंडा खाली!" ते गार्डवर ओरडले. "गाड़ी रोको! नथ्थू, घासलेट और खड़िया, दौड़!"

नथ्थू पळाला आणि पळत आला. चाकावर तेल-मातीचा जाड थर होता. दाणींनी घासलेटचा बोळा फिरवून तो काढला, चाक कोरडं पुसलं आणि त्यावर खडू घासला. सगळे वाकून पाहत राहिले. क्षणभर नुसतं पांढरं. मग त्या पांढऱ्यात खालून तेल झिरपलं आणि केसासारखी काळी रेघ उमटू लागली. कडेपासून निघालेली, आत आत जाणारी, चार बोटं, पाच बोटं.

"पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंतसुद्धा नसतं टिकलं," गार्ड हलक्या आवाजात म्हणाला. आणि मग त्यानेच सांगितलं की दुपारी मागे तीन डबे आणखी जोडले होते, गार्डचा डबा काढून पुन्हा लावला होता. म्हणून सोळावा आता एकोणिसावा झाला होता.

भय्यासाहेब उकिडवेच बसून होते. बोट त्या रेघेच्या टोकावर.

"पासष्ट साली," ते म्हणाले, आणि थांबले. "पासष्ट साली मी खडू लावला नव्हता, चिंतामण. वरून फोनावर फोन येऊन राहिले होते. ब्रेक आवळलेला दिसला, आणि मी म्हटलं, हेच."

दाणींनी ऐकलं. सहा वर्षं ज्या वाक्याची त्यांनी वाट पाहिली होती ते आता आलं होतं. "गाडी तर पोचली होती, साहेब," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"हो. पोचली होती." भय्यासाहेब उठले. कोटाला लागलेला खडू त्यांनी झटकला नाही. "टेप द्या, बाई. ती मला ठेवून घ्यावी लागेल. वर कळवावंही लागेल."

शरयूने रीळ त्यांच्या हातात दिलं.

तो डबा सोडवून बाजूला घेतला आणि गाडी सव्वासहाला निघाली. फळ्यांजवळ उभं राहून दाणींनी तिची सगळी चाकं कानाने मोजली. मग दोघं जीपमध्ये बसली.

केंद्रावर पोचायला सात वाजून गेले. काळोखात बंडूने जीप बैलगाडीच्या चालीने आणली. आत कलाकार घाबरेघुबरे झालेले. आणि आता नाटकात गाडीच नव्हती. पाऊण तास उरला होता.

"काका?" शरयूने विचारलं.

दाणींनी ऑफिसातली लोखंडी पेटी रिकामी करवून घेतली. चपराशाच्या खोलीतून रुळाचा तुकडा आणवला, जो घंटा म्हणून टांगलेला असायचा. शशिकांतची स्कूटरला कुलूप लावायची साखळी आणि धान्याची चाळणी मागवली. पेटीत साखळी फिरवून पाहिली. नको. पेटीखाली गादी घातली, मग फिरवली. आता जड झाली. "भरलेल्या डब्याचा आवाज पोटातून येतो," ते स्वतःशीच बोलत होते.

आठ वाजता लाल दिवा लागला.

नाटकाच्या मध्याला गेटमनची बायको दार उघडते आणि गाडी येते. काचेपलीकडून शरयूने बोट दाखवलं. दाणींचे हात हललेच नाहीत. डोळ्यांपुढे ती काळी रेघ होती, आत आत जाणारी. एक सेकंद गेला, दोन गेले. रेडिओवर दोन सेकंद म्हणजे विहीर असते. नटीने शरयूकडे पाहिलं, प्रसंगावधान राखलं आणि नसलेलं वाक्य बोलली, "रुको, कुछ सुनाई दे रहा है।" शरयूने काचेवर तळवा टेकवला. दाणी भानावर आले आणि साखळी फिरली.

लांबून येणारी, जवळ जवळ येणारी, खोलीच्या भिंती भरून टाकणारी गाडी. पेटीवर दोन्ही कोपरं टेकवून त्यांनी सगळं अंग त्यात घातलं. गाडी दारावरून गेली. मग थांबली. मग रुळाच्या तुकड्यावर एक एक ठोका, चाक तपासणाऱ्याचा. टण्ण. आणि मध्ये अरारूटवर दोन बोटं, चालणाऱ्याची पावलं. ती संहितेत नव्हती. दाणींनी घातली.

लाल दिवा विझला तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

त्या दिवशीचं कोणाला सांगायचं नाही, असा हुकूम दुसऱ्याच दिवशी आला. दाणींनी सत्यभामाबाईंनाही सांगितलं नाही. अधारतालला त्यांच्या घराशेजारच्या लोकांनी नाटक छान झालं म्हणून सांगितलं, ते त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं.

लढाई थांबली, पण शरयूची चौकशी थांबली नाही. जानेवारीत तिचं कंत्राट रोखून धरलं. फेब्रुवारीत एका बंद खोलीत तीन अधिकारी बसले. शरयू, दाणी आणि भय्यासाहेब घाटे अशा तिघांना एकदम बोलावलं. टेबलावर ते रीळ होतं.

"भरलेल्या गाडीचा आवाज घ्यायला ह्यांना परवानगी होती?" मधल्या अधिकाऱ्याने भय्यासाहेबांना विचारलं.

शरयू खाली बघत होती. उत्तर तिला ठाऊक होतं.

"लेखी नव्हती," भय्यासाहेब म्हणाले. "तोंडी मी दिली होती."

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "तुमच्या त्या दिवशीच्या अहवालात तसं नाही."

"राहून गेलं. चूक माझी आहे. लिहून देतो."

"तोंडी परवानगी द्यायचा अधिकार तुम्हाला नव्हता, हे माहीत आहे?"

"माहीत आहे."

अधिकाऱ्याने दाणींकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एक खोटा आवाज दाणींनी ऐकला आणि तो खोटा आहे असं सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर शरयू धावत भय्यासाहेबांच्या मागे गेली. "साहेब, तुमची नोकरी..."

"दोन वर्षं राहिली आहेत. बढती थांबवतील, आणखी काय करतील?" त्यांनी सायकलचं कुलूप काढलं. "नथ्थूलाही मी ठेवून घेतलं आहे. मात्र सलग दोन पाळ्या आता कोणालाच नाहीत." मग सायकलवर बसता बसता ते दाणींना म्हणाले, "चिंतामण, बुधवारी ये. नवीन चार पोरं आली आहेत. ठोकतात सगळी, ऐकत कोणी नाही."

"बुधवारी तालीम आहे, साहेब," दाणी म्हणाले. "गुरुवारी येतो."

शरयूचं कंत्राट मार्चपासून पुन्हा सुरू झालं. पुढच्या नाटकात पूर होता, आणि पुराचं पाणी घरात शिरतानाचा आवाज तिला आणि दाणींना, दोघांनाही अजून जमलेला नव्हता.